मातेरा : गुहांतली घरं आणि घरांतली माणसं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत ‘मातेरं’ हा शब्द चांगल्या अर्थानं कुणी वापरत नाही. खळं उरकलं, धान्य पोत्यांत भरलं, की तळाशी माती मिसळलेलं जे दाणं-खडं उरतं ते मातेरं. एखाद्याचा चांगला चाललेला संसार मोडला की आपण म्हणतो, बिचाऱ्याच्या संसाराचं मातेरं झालं. दक्षिण इटलीत मातेरा याच नावाचं एक गाव आहे. आपल्या शब्दाशी त्या नावाचा काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण त्या गावाची गोष्ट ऐकल्यावर हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. आज ती गोष्ट मी आपल्याला सांगणार आहे.

माझा पुतण्या बारी या इटलीतल्या बंदराच्या शहरात शिकायला आहे. गेल्या मे महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. बारी ते मातेरा हे अंतर साधारण पासष्ट किलोमीटर. मी गेलो तेव्हा इटलीच्या मोठ्या सरकारी रेल्वेची गाडी मातेराला जात नव्हती. एका लहान कंपनीची अरुंद रुळांची गाडी जाते. आमच्या मराठवाड्यात ‘बार्शी लाइट’ होती, तिची आठवण व्हावी अशी. खिडकीबाहेर ऑलिव्हची झाडं, मग गव्हाची शेतं, मग नुसता खडकाळ माळ. नकाशात इटली बुटासारखी दिसते. त्या बुटाच्या टाचेच्या अलीकडे, तळव्याचा जो खोलगट भाग, तिथं बाझिलिकाता नावाचा प्रांत आहे. त्याचं जुनं नाव लुकानिया. मातेरा त्या प्रांतात येतं. वस्ती साठ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं तालुक्याचं गाव.

स्टेशनावर उतरलं की प्रथम निराशाच होते. चार-पाच मजली इमारती, दुकानं, सिग्नल. दहा मिनिटं चाललो, एका चौकातून पुढं एका कठड्यापाशी गेलो, आणि पायाखालची जमीन संपली. खाली एक प्रचंड वाडगं. त्याच्या उतारावर घरांवर घरं, घरांवर घरं, सगळी एका रंगाची, पिवळसर राखाडी. पलीकडे ग्राव्हिना नावाची खोल दरी, आणि दरीपलीकडच्या कड्यात काळी भोकं. त्या गुहा. मधल्या उंचवट्यावर तेराव्या शतकातलं मोठं चर्च. त्या उंचवट्याला चिव्हिता म्हणतात. त्याच्या दोन बाजूंना गुहांच्या घरांचे दोन मोहल्ले : सास्सो बारिसानो आणि सास्सो काव्हेओसो. दोघांना मिळून ‘सास्सी’ म्हणतात. सास्सी म्हणजे दगड. लोक गावाच्या त्या भागाला दगडच म्हणत आले आहेत.

गुहा म्हटलं की आपल्याला वेरूळ-अजिंठा आठवणार. मलाही आठवलं. पण फरक मोठा आहे. आपली लेणी राजांनी, व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानातून, भिक्षूंसाठी आणि देवांसाठी कठीण काळ्या पाषाणात कोरली गेली. मातेराचा दगड मऊ. समुद्राच्या तळाशी साचलेल्या शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याचा चुनखडक. साध्या कुदळीनं खणता येतो आणि करवतीनं कापता येतो. तिथं खणणारी माणसं शेतकरी आणि मेंढपाळ. राहायला जागा हवी म्हणून आत खणायचं, आतून निघालेला दगड चिऱ्यांसारखा कापायचा आणि त्यानंच पुढची भिंत आणि कमान बांधायची. मग घर अर्धं खडकात आणि अर्धं बाहेर. एकाचं छप्पर म्हणजे वरच्याचा रस्ता. आपण रस्त्यानं चालतोय असं वाटतं आणि बाजूला धुराडं दिसतं. म्हणजे आपण कुणाच्या तरी डोक्यावर उभे असतो.

परिसरातल्या माळावर नवाश्मयुगातल्या वस्त्यांच्या खुणा सापडल्या आहेत. माणूस इथं हजारो वर्षं राहत आला आहे. मध्ययुगात याच खडकात चर्चेसही कोरली गेली. गावाभोवती अशी दीडशेच्या घरात खडकचर्चेस आहेत. गावापासून काही किलोमीटरवर एका कड्यातल्या गुहेत आठव्या-नवव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत. मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या तिथं मेंढरं कोंडत. ते तिला ‘शंभर संतांची गुहा’ म्हणत. शिकल्या-सवरलेल्या जगाला तिचा पत्ता १९६३ साली लागला. आदम आणि हव्वा, देवदूत, आणि पांढऱ्या भिंतीवर पसरलेली तांबडी रानफुलं. बाहेर आलो तर तशीच फुलझाडं माळावर होती. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाम चित्रकारानं स्वर्ग रंगवायला जवळच्या माळावरचीच फुलं घेतली होती.

मातेराचं खरं वैभव मात्र मला पाण्यात दिसलं. पाऊस कमी, नदी खोल दरीत. म्हणून छपरावर, पायऱ्यांवर, गल्लीत पडलेला प्रत्येक थेंब नाल्यांनी वळवून खडकातल्या टाक्यांत साठवायचा. प्रत्येक अंगणाखाली घंटेच्या आकाराचं टाकं. आतून गिलावा चुन्याचा आणि कुटलेल्या खापरांचा. आपल्याकडे चुना-सुरखी म्हणतात, तोच प्रकार. गावाच्या मुख्य चौकाखाली तर एक प्रचंड टाकं आहे. साधारण सोळा मीटर खोल, सुमारे पन्नास लाख लिटर पाणी मावेल असं. विसाव्या शतकात नळ आला, टाकं बंद झालं, वर फरशी आली आणि गाव ते विसरून गेलं. १९९१ साली चौकाची दुरुस्ती करताना ते पुन्हा सापडलं. आता त्यात लोखंडी पुलावरून फिरता येतं. एखाद्या बुडालेल्या मशिदीत किंवा देवळात उभं राहावं असं आत वाटतं. एवढ्या उंच भिंती, आणि सगळं फक्त पाण्यासाठी.

मग एवढ्या शहाण्या गावाचं मातेरं कसं झालं?

१६६३ साली मातेरा प्रांताची राजधानी झालं. १८०६ साली, नेपोलियनच्या भावाच्या कारकिर्दीत, राजधानी पोतेन्झाला हलवली. कचेऱ्या गेल्या, पैसा गेला. पैसेवाले हळूहळू वरच्या सपाटीवर राहायला गेले. खाली उरले भूमिहीन मजूर आणि छोटे शेतकरी. जमिनी मोजक्या जमीनदारांच्या हातात. लोकसंख्या वाढत गेली, तशी ज्या गुहा गोठ्यासाठी किंवा कोठारासाठी होत्या त्यांत माणसं राहू लागली. टाक्यांचीही घरं झाली. हवा नाही, उजेड नाही, गटार नाही.

असं एक घर आता पाहायला ठेवलं आहे. एकच खोली. दाराशी चूल, मध्ये टेबल, त्यावर एकच मोठं ताट. सगळ्यांनी त्यातच जेवायचं. ते मला काही नवं वाटलं नाही, दस्तरखानावर आम्हीही एका थाळीत जेवलो आहोत. पलंग मात्र छातीइतका उंच. कारण पलंगाखाली कोंबड्यांची जागा. गादीत मक्याची टरफलं. कपाटाचा खालचा खण ओढला की तान्ह्या मुलाचा पाळणा. आणि खोलीच्या मागच्या अंगाला खेचर. हिवाळ्यात त्याच्याच उबेनं घर गरम. त्याच घरात आठ-दहा माणसं. माझ्या पुढं उभी असलेली एक पर्यटक बाई ‘किती छान’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. मी त्या खेचराच्या जागेकडे पाहत राहिलो.

ही घरं जगापुढं आली ती एका कैद्यामुळे. कार्लो लेव्ही हा तोरिनो शहरातला ज्यू चित्रकार. शिक्षणानं डॉक्टर. मुसोलिनीच्या विरोधात म्हणून १९३५ साली त्याला लुकानियातल्या खेड्यात स्थानबद्ध करून ठेवलं. त्या अनुभवावर त्यानं लिहिलेलं ‘ख्रिस्त एबोलीशीच थांबला’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झालं. नावाचा अर्थ मोठा करुण आहे. तिथल्या बोलीत ‘ख्रिस्ती’ म्हणजे माणूस. एबोली हे वाटेवरचं गाव. ख्रिस्त तिथवरच आला, आमच्यापर्यंत पोचलाच नाही, म्हणजे आमची गणती माणसांत नाही, असं ते शेतकरी सांगत. लेव्हीची बहीणही डॉक्टर. भावाला भेटायला जाताना ती वाटेत मातेराला उतरली. तिनं पाहिलेलं पुस्तकात आलं आहे : उघड्या दारांतून दिसणारी अंधारी घरं, डोळ्यांच्या रोगानं सुजलेल्या पापण्यांची मुलं, मलेरियानं पिवळी पडलेली मुलं. ती मुलं तिच्या मागं लागली, पण पैशांसाठी नव्हे. ती क्विनीन मागत होती.

पुस्तक गाजलं. युद्ध संपून इटली नव्यानं उभी राहत होती. १९४८ साली कम्युनिस्ट नेते तोल्याती मातेराला आले आणि ही घरं देशाची लाज आहेत असं म्हणाले. १९५० साली पंतप्रधान दे गास्पेरी येऊन गेले. विरोधी पक्ष आणि सरकार एरवी कशावर एकमत होत नसतील, पण या लाजेवर झालं. मे १९५२ मध्ये कायदा झाला. सास्सीतली सुमारे पंधरा हजार माणसं, म्हणजे त्या वेळच्या गावाची जवळजवळ अर्धी वस्ती, बाहेर काढून नव्या घरांत न्यायची. हे काम पुढं पंधरा-वीस वर्षं चाललं. घर रिकामं झालं की दार विटांनी बंद करायचं. कुणी परत येऊ नये म्हणून.

हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. जिथं मुलं मरतात ते घर सोडायलाच हवं. नव्या घरात नळ होता, संडास होता, खिडकी होती. ज्यानं आयुष्यभर डोक्यावरून पाणी वाहिलं त्याला नळाची किंमत विचारा. पण त्या घरांबरोबर आणखी एक गोष्ट बंद झाली. तिला तिथं ‘व्हिचिनातो’ म्हणतात. म्हणजे शेजार. एका अंगणाभोवती आठ-दहा घरांची दारं, मध्ये टाकं. कपडे तिथंच धुवायचे, मुलं तिथंच वाढायची, भांडणं तिथंच व्हायची आणि मिटायचीही. पाव घरी मळायचा आणि मोहल्ल्याच्या भट्टीत भाजायचा. कोणता पाव कुणाचा हे कळावं म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असे, त्यावर घरच्या कर्त्याच्या नावाची अक्षरं. असे शिक्के आता आठवण म्हणून दुकानांत विकतात. १ ऑगस्टला, सुगी संपली की, प्रत्येक घरातून मूठ-मूठ कडधान्य आणि गहू गोळा करून एका मोठ्या हंड्यात शिजवत. सगळ्या अंगणाचं एकच जेवण. त्याला ‘क्रापियाता’ म्हणतात. हे ऐकलं आणि मला मोहरममधला आमच्या गल्लीतला खिचडा आठवला. त्याच्या देगचीतही गहू कुणाच्या घरचा आणि डाळ कुणाच्या घरची, हे सांगता येत नसे.

या शेजाराचं महत्त्व सरकारला कळलं नव्हतं असंही नाही. १९५१ साली फ्रेडरिक फ्रीडमन या तत्त्वज्ञाच्या पुढाकारानं अभ्यासकांचा एक गट मातेरात बसला होता. त्यांनी या अंगणांचा बारकाईनं अभ्यास केला. लुदोव्हिको क्वारोनी आणि त्याच्या सहकारी वास्तुविशारदांनी ला मार्तेल्ला नावाचं नवं खेडं आखलं, तेव्हा शेजार टिकावा, गोठा घराजवळ पण घराबाहेर असावा, हा विचार मुद्दाम केला. भली माणसं होती. पण कागदावर अंगण काढता येतं, त्यातला शेजार काढता येत नाही. खेडं गावापासून लांब पडलं, सोयी रखडल्या आणि पोट भरेल एवढी जमीन सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. पुष्कळ जण शेवटी उत्तरेकडच्या कारखान्यांत किंवा परदेशात गेले.

मराठवाड्यातल्या श्रोत्यांना हे ओळखीचं वाटेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. दगड-मातीची जड घरं माणसांवर कोसळली. नंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली. चौकोनी आखणी, रुंद रस्ते, पक्की घरं. ती गरजेचीच होती. पण तिकडच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना मी ऐकलं आहे, की घर मिळालं, पण गल्ली मिळाली नाही. हाक मारली तर शेजाऱ्याला ऐकू जात नाही, एवढं अंतर मध्ये पडलं. हे वाक्य इटालियनमध्ये सांगितलं तर मातेराच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

इकडे रिकामी सास्सी वीस-पंचवीस वर्षं पडून राहिली. वटवाघळं, चोर, झुडपं. सिनेमावाल्यांना मात्र ती आवडली. १९६४ साली पाझोलिनीनं येशूच्या जीवनावरच्या चित्रपटासाठी हेच गाव जेरुसलेम म्हणून वापरलं. २००४ साली आलेल्या मेल गिब्सनच्या चित्रपटातही हेच जेरुसलेम. ख्रिस्त एबोलीच्या पुढं आला, पण नट होऊन, आणि ती घरं रिकामी झाल्यावर. १९८६ साली नवा कायदा झाला. सरकारच्या मालकीच्या झालेल्या या गुहा दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानं लोकांना द्यायच्या आणि दुरुस्तीला मदत करायची. १९९३ साली युनेस्कोनं सास्सीला जागतिक वारसा ठरवलं. २०१९ साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी होती. २०२१ साली आलेल्या जेम्स बाँडच्या चित्रपटात त्याची गाडी याच गल्ल्यांतून धावते. ज्या गुहेत खेचर बांधत होते तिथं आता मंद दिव्यांचं स्नानगृह आहे आणि एका रात्रीचं भाडं ऐकून माझ्यासारख्या माणसानं पुतण्याच्या खोलीवर परत जावं हे बरं.

संध्याकाळी मुख्य चौकात गावातले म्हातारे बाकांवर येऊन बसतात. त्यांच्यातल्या एकाशी पुतण्याच्या मदतीनं बोललो. वय अठ्ठ्याहत्तर. जन्म सास्सीतला. नऊ वर्षांचा असताना घर सुटलं. मी विचारलं, परत जावंसं वाटतं का? तो म्हणाला, माझे दोन भाऊ त्या घरात वारले, मी कशाला जाऊ? मग थोडा वेळ गप्प बसला. नंतर आपणहून सांगू लागला. नव्या घरात गेल्यावर आईनं पहिल्या दिवशी नळ दहा वेळा उघडला आणि बंद केला. महिनाभर ती खूश होती. मग म्हणू लागली, इथं दार लावून काय करायचं? शाळेत मुलं त्याला गुहेतला म्हणून चिडवत. लग्न ठरेपर्यंत त्यानं कुणाला जन्माचं घर दाखवलं नव्हतं. आता त्याची नात त्याच मोहल्ल्यातल्या एका हॉटेलात काम करते आणि पाहुण्यांना अभिमानानं सांगते, माझे आजोबा इथले. तो हसला. म्हणाला, मी लपवलं ते तिला पगार देतं.

त्या हसण्यात तक्रार होती की समाधान होतं, ते मला ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही.

मातेरात आणखी एकाला भेटायचं होतं. तो १९५३ सालीच गेला. रोक्को स्कोतेल्लारो. जवळच्या त्रिकारिको गावातला, साध्या घरातला कवी. विशी नुकतीच ओलांडली असताना, १९४६ साली तो आपल्या गावाचा महापौर झाला. भूमिहीनांच्या बाजूनं उभा राहिला. १९५० साली त्याच्यावर खटला भरून त्याला मातेराच्या तुरुंगात ठेवलं. आरोप टिकले नाहीत, तो सुटला. पण मन उडालं, राजकारण सोडलं, आणि वयाच्या तिसाव्या वर्षी हृदय थांबलं. त्याचा कवितासंग्रह मरणानंतर निघाला. कार्लो लेव्ही त्याचा मित्र. लेव्हीनं १९६१ साली लुकानियावर एक भलंमोठं चित्र रंगवलं, अठरा मीटरहून लांब. ते मातेराच्या संग्रहालयात आहे. त्यात स्कोतेल्लारोचं मरण आहे, काळ्या वस्त्रांतल्या बायकांचा आक्रोश आहे, आणि शेतकऱ्यांच्या गर्दीत बोलणारा तरुण स्कोतेल्लारोही आहे. त्या चित्रापुढं मी बराच वेळ उभा होतो. कवीनं नगरपालिका चालवावी की कविता लिहावी, हा वाद आपल्याकडेही रंगतो. त्याला वाद घालायला वेळच मिळाला नाही. त्यानं दोन्ही केलं.

मित्रहो, मी शब्दांचा माणूस. मला या गावाच्या गोष्टीत दोन शब्द टोचतात. एकाच घराला बाहेरच्या माणसांनी आधी ‘लाज’ म्हटलं आणि चाळीसेक वर्षांनी ‘वारसा’ म्हटलं. भिंत तीच, टाकं तेच. पहिल्या शब्दानं माणसं बाहेर गेली, दुसऱ्या शब्दानं पर्यटक आत आले. दोन्ही शब्द चांगल्या हेतूनं उच्चारलेले. आत राहणाऱ्यांचं मागणं मात्र दोन्ही वेळा साधं होतं : पाणी द्या, औषध द्या, कसायला जमीन द्या. ते कुणी लेणं म्हणून कोरून ठेवलं नाही.

आपल्याकडेही कुठं धरण होतं, कुठं रस्ता रुंद होतो, कुठं झोपडपट्टी हलते. नकाशा काढणारा वाईट असतोच असं नाही. पण नकाशा काढण्याआधी त्यानं एक संध्याकाळ त्या अंगणात बसावं, आणि कुणाची हाक कुणाला ऐकू जाते एवढं तरी मोजावं.

आपल्यापैकी कुणी इटलीला गेलं, तर रोम आणि व्हेनिसमधून एक दिवस काढून मातेराला जरूर जा. मे महिन्यात गेलात तर छपरांवर आफ्रिकेतून आलेले छोटे ससाणे घिरट्या घालताना दिसतील. तो मोठा, आठवडाभर टिकणारा पाव खा. गुहा पाहा, टाकं पाहा. आणि मग गावातल्या बसनं सेर्रा व्हेनेर्दी या वस्तीकडे एक चक्कर मारा. सास्सीतून काढलेल्या माणसांसाठी बांधलेल्या वस्त्यांपैकी ती एक. तिथं तिकीट नाही आणि फलकही नाही. साध्या जुन्या इमारती आहेत, बाल्कनीत कपडे वाळत घातलेले असतात, आणि संध्याकाळी काही बायका खुर्च्या घेऊन खाली, दारासमोर येऊन बसतात.